रिकाम्या खोक्यातला देवदूत

त्या शनिवारी गावप्रमुख तुइलागी आबांच्या घरात खांबाखांबाला माणूस टेकलं होतं. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते बाहेर गवतावर मांड्या घालून बसले होते. आमच्या बेटांवर घरांना नुसते खांब असतात, भिंती नसतात, त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं. आतलं सगळं त्यांनाही दिसत होतं. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

आबा ज्या खांबाला टेकून बसतात त्याच्यालगत एक मानाची चटई अंथरली होती. बायका वर्ष वर्ष बसून जी विणतात आणि लग्नात, मयतात, पुढाऱ्यांच्या पायाशी घालतात, तीच चटई. तिच्यावर पाहुणा म्हणून एक कॉम्प्युटर बसवला होता. एका बाजूला उभं काळं खोकं, दुसऱ्या बाजूला जाडजूड पडदा, दोन्हींना जोडणारी वायर आणि पुढ्यात हात ठेवायची काचेची पाटी. खोक्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं काढून ठेवलं होतं. आत निळ्या दिव्याचा पंखा गरगरत होता.

"हा बघा मेंदू," सेमीसी म्हणाला.

सेमीसी आमच्याच गावचा. न्यूझीलंडात ऑकलंडला गेला तेव्हा विमानतळावर पेट्या उचलत होता. परत आला तो दुखणी बरी करणाऱ्या राफाएल देवदूताचा निरोप्या होऊन. पांढरा सदरा, पांढरी लुंगी, आणि मांडीवर पांघरलेली आणखी एक मानाची चटई. त्या उकाड्यात मांडीवर चटई कशाला, असं कुणी विचारलं नाही. देवाच्या माणसाला थंडी वाजत असेल.

"टीचरबाई आल्यात ना?" त्यानं गवतावर मला हुडकून काढलं. मी तालुक्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वाढवून घेतलेल्या बाळंतपणाच्या रजेवर होते, माझा रांगता इओआने खांद्यावर होता आणि माझी बाही चघळत होता. "बाई, तुमचीच पोरं आहेत ही. शिकवलेलं म्हणू दे की त्यांना."

पोरांना काय, म्हणायला मिळालं की झालं. एका सुरात सुरू झाली. "प्रोसेसर विचार करतो, रॅम हाताशी धरते, डिस्क जपून ठेवते, पॉवर सप्लाय सगळ्यांना जेवू घालतो, मदरबोर्ड सगळ्यांची गाठ घालून देतो."

"आणि यातला एक जरी नसला तर?"

"कॉम्प्युटर बंद."

"शाब्बास. बाईंनी चांगलं घोकून घेतलंय." सेमीसीनं खोक्यात हात घातला आणि बोटभर रुंदीचा चौकोनी तुकडा उपसून पुढे बसलेल्या पूआ आजीच्या तळव्यावर ठेवला. "घ्या आजी, मेंदू." मग हिरवी पट्टी काढली. "ही आठवण." मग पत्र्याची डबी. "हे कोठार. आता काय राहिलं आत? वारा. चालायला हवाय का हा? बाईंना विचारा."

पंखा गरगरतच होता. पडद्यावर सोनेरी ढग सरकत होते आणि ढगांतून अक्षरं उमटत होती: शांती असो.

पूआ आजीनं तुकडा नखानं खरवडून पाहिला. "त्यात काय एवढं," ती म्हणाली. "माझा नवरा उभा जन्म मेंदूवाचून चालला. शिवाय दारूही प्यायचा."

हशा पिकला. सेमीसीही हसला; तो धंदा जाणणारा माणूस होता. हसलेली माणसं लवकर रडतात, हे त्याला ठाऊक होतं.

"फेतू," त्यानं हाक मारली. "ये बाळा."

फेतू माझ्या नणंदेची, लुसियाताईची मुलगी. चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी नुसता घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, आणि ते दुखणं सांध्यांतून उठून हृदयाच्या झडपांना जाऊन बसलं. आमच्या बेटांवर असं पुष्कळ पोरांचं होतं. तेव्हापासून दर महिन्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात तिच्या कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन. जाड सुई, जाड औषध. ते आत जाताना आग पेटते. पण ते चालू आहे तोवर दुखणं पुन्हा उठत नाही, झडपा आणखी बिघडत नाहीत. बंद केलं तर काय होतं ते आमच्या गावानं एकदा पाहिलं आहे. त्या मुलाची कबर देवळाच्या वाटेवरच आहे.

फेतूनं काचेवर हात ठेवला. ढग बाजूला झाले आणि पडद्यावर लालबुंद हृदय धडधडू लागलं. बायकांनी तोंडावर हात घेतले. आधी त्या हृदयावर काळे डाग दिसले, मग एक पांढरा उजेड येऊन डाग पुसत गेला, आणि अक्षरं आली: हृदय शुद्ध झाले. सुईची गरज नाही.

लुसियाताई बसल्या जागी रडायला लागली. मग उठली, घरी गेली, आणि आजीसासूच्या हातची चटई आणून सेमीसीपुढे उलगडली. त्यानं नाही नाही म्हणत घेतली. "मला कशाला बायांनो? देवदूताच्या पायाशी लागतात." देवदूताच्या पायाशी लागलेल्या चटया दर सोमवारी फेरीबोटीनं जात होत्या आणि ऑकलंडला लग्नकार्यवाल्यांना विकल्या जात होत्या, हे आम्हाला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या छपराखाली आम्ही दोघी नारळ खवत बसलो होतो. इओआने करवंटीला दात लावत होता.

"मंगळवारी बस आहे, ताई," मी म्हटलं.

"कसली बस?"

"दवाखान्याची. फेतूचं इंजेक्शन आहे."

"कालचं तू पाहिलं नाहीस?"

"पाहिलं. चित्र पाहिलं. ते आलं कुठून ते नाही दिसलं."

"तुला पोटदुखी आहे, मारेता. पोरांदेखत तुझा धडा खोटा पडला ना."

"धडा खोटा पडला असता तर मी आनंदानं नवा शिकले असते. अगं, चित्र आपोआप होत नाही. डिस्कमध्ये ते ठेवलेलं असतं. तिथून उचलून रॅममध्ये समोर मांडावं लागतं. प्रोसेसर त्याचा एकेक ठिपका हिशेबानं लावतो, तेव्हा ते पडद्यावर जातं. मधली एक कडी निसटली तरी पडदा काळा. त्या खोक्यात एकही कडी नव्हती. म्हणजे चित्र त्या खोक्यातून येतच नव्हतं."

"तेच तर तो सांगतोय. देवदूताकडून येतंय."

दगडाला समजावता येतं असं मला कधीकधी वाटतं, कारण दगड निदान आपलंच वाक्य उलटं फिरवून आपल्याला मारत नाही.

मंगळवारची बस आली, भोंगा वाजवून उभी राहिली, आणि गेली.

गुरुवारी शाळेतून घरी निघालेली फेतू मला वाटेतल्या दगडी कठड्यावर बसलेली दिसली. ओठ फिके पडले होते. मी शेजारी बसले. इओआनेला तिच्या मांडीवर दिलं, तो तिचा फार लाडका.

"मामी, देवदूत म्हणाला मी बरी आहे. मग मला दम का लागतो?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्यातून तिचं हृदय माझ्या तळहाताला लागत होतं, चिमणी मुठीत धरावी तसं.

"आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "ती आत्ताच हसायला लागलीय."

मी सांगितलं लुसियाताईला. ती म्हणाली, ऊन होतं म्हणून झालं असेल.

पुढच्या शनिवारी मी लवकर गेले आणि आतल्या बाजूला, बायकांच्या पहिल्या रांगेत बसले. सकाळभर मी एकच विचार करत होते. भिंती नसलेल्या घरात माणूस काय लपवू शकतो? उत्तर इतकं सोपं होतं की मला स्वतःचाच राग आला. आमच्यात वडीलधारे बसलेले असताना कुणी उभं राहत नाही. त्यांच्या मागून कुणी जात नाही, त्या बाजूला बाहेर गवतावरही कुणी बसत नाही. जावंच लागलं तर कमरेत वाकून, "तुलोउ, तुलोउ" असं माफीचं पुटपुटत जायचं. आणि सेमीसीनं तो पडदा नेमका आबांच्या मानाच्या खांबाला टेकवून ठेवला होता. साऱ्या गावानं त्या पडद्याचं तोंड पाहिलं होतं. पाठ एकानंही पाहिली नव्हती. त्याला भिंतींची गरजच नव्हती. आमच्या चांगल्या वळणाच्या भिंती त्यानं आयत्या वापरल्या होत्या.

फक्त रांगतं पोर आमच्यात कुठेही जाऊ शकतं, आणि त्याच्या मागे त्याची आई.

सेमीसीचं सुरू झालं. पुन्हा मेंदू काढून झाला, पुन्हा पूआ आजीच्या हाती देऊन झाला. एका सुताराचा हात काचेवर होता, पडद्यावर त्याचं हृदय धडधडत होतं. मी इओआनेला खाली सोडलं. त्याला निळा दिवा हवाच होता. तो तुरुतुरु निघाला, आबांच्या गुडघ्याला वळसा घालून खोक्याकडे जाता जाता पडद्यामागे शिरला.

"तुलोउ, तुलोउ," म्हणत मी वाकून मागोमाग गेले.

मागे एक विजेचा बोर्ड होता आणि त्यात दोन प्लग होते. एक खोक्याचा. दुसरा पडद्याचा. आणि त्या जाडजूड पडद्याच्या पाठीला जाळी होती. जाळीतून गरम वारा माझ्या तोंडावर आला.

मी खोक्याचा प्लग उपटला.

पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. निळा दिवा विझला. पडद्यावरचं हृदय धडधडतच राहिलं.

सेमीसीचा चेहरा क्षणभर उतरला, पण क्षणभरच. "पाहिलंत?" तो आवाज चढवून म्हणाला. "बाईंनी वीज तोडली. देवदूताला विजेचीही गरज नाही."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांगते, त्या टाळ्यांचा मला इतका संताप आला की प्लग हातात तसाच राहिला. खोटं उघडं पडलं की लोक त्याचे दोन चमत्कार करून घेतात.

"सूनबाई," तुइलागी आबा म्हणाले, "पोर उचल आणि जागेवर बस." त्यांनी सेमीसीच्या मेजवानीला डुक्कर दिलं होतं, कार्यक्रमाला घर दिलं होतं, आता माघार घेणं त्यांना जड होतं.

"बसते, आबा. एकच विचारू? देवदूत खोक्यात आहे ना?"

"खोक्यातच," सेमीसी म्हणाला.

"मग खोकं देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवू. पवित्र जागा आहे. बघू तो सोबत येतो का."

"खोक्याला हात लावू नका. विटाळ होईल."

"दर वेळी त्यात स्क्रू-ड्रायव्हर घालतोस तेव्हा नाही होत?" हे पूआ आजी बोलली. ती उठून उभी राहिली. तिच्या वयाला सगळं माफ आहे. हातातला तुकडा तिनं खोक्यात टाकला, खोक्याला आतून-बाहेरून हात लावला आणि म्हणाली, "गार आहे. मेलेल्या माशासारखं."

"आजी, आता इकडे या. याच्या पाठीला हात लावा."

ती वाकत वाकत आली. पडद्याच्या जाळीवर तळवा टेकला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई, इथं तर कुणीतरी पाव भाजतंय."

"विचार केला की डोकं तापतं, आजी. प्रोसेसरचंही तापतं. म्हणून त्याला पंखा लागतो. ज्यात देवदूत बोलतोय ते खोकं गार, आणि नुसतं तोंड दाखवणारा पडदा गरम. असं का?"

आबांनी हात मागे नेला. त्यांचाही तळवा जाळीवर टेकला. बराच वेळ तिथंच राहिला.

"सुतारदादा," मी म्हटलं, "काचेवरून हात काढा."

त्यानं काढला. हृदय धडधडतच होतं.

"आता हे कुणाचं?" कुणीतरी बाहेरून विचारलं. हसू फुटलं, पण या वेळी ते सेमीसीला नको होतं.

"सेमीसी, तुझे दोन्ही हात वर घे बघू."

"मी काय चोर आहे?"

"हात वर घे," आबा म्हणाले.

त्यानं घेतले. आबांनीच पुढे वाकून त्याच्या मांडीवरची चटई उचलली. खाली, गुडघ्याजवळ, बिनवायरचा छोटा माऊस होता. आबांनी तो उचलून बोटानं दाबला. पडद्यावर उजेड आला, डाग पुसले गेले, अक्षरं उमटली: हृदय शुद्ध झाले. पुन्हा दाबला. पुन्हा शुद्ध झाले. सुतार घरात नव्हताच. तो उठून कधीच बाहेर गेला होता.

मग मी पडदा त्याच चटईवर पालथा घातला आणि सेमीसीचाच स्क्रू-ड्रायव्हर घेतला. पाठ उघडली. पोरं माना उंचावून बघत होती.

"हे काय?"

"मदरबोर्ड," एक म्हणाला. मग दुसरा, मग सगळीच. "ती रॅम. ती डिस्क. तो पंखा. आणि पंख्याच्या नळीखाली प्रोसेसर."

"सगळं आहे?"

"सगळं आहे, बाई."

"एकत्र काम करताना पाहायचंय? माऊस दाबला की तो निरोप मदरबोर्डाच्या वाटेनं प्रोसेसरकडे जातो. प्रोसेसर डिस्कला म्हणतो, हृदयाची फिल्म दे. डिस्क कोठारातून काढून रॅममध्ये मांडते, कारण कोठार लांब आणि रॅम हाताशी. प्रोसेसर तिथून एकेक चित्र उचलून पडद्याला पाठवतो. वीज सगळ्यांना पुरते आहे तोवर हे चालतं. इतकंच. हे खोक्यात बसवा, पडद्यात बसवा, त्याला फरक पडत नाही. आपल्याकडे न्यूझीलंडच्या शाळांनी टाकून दिलेली जुनी खोकी येतात, म्हणून आपल्याला वाटतं खोकं म्हणजेच कॉम्प्युटर. तुमच्या खिशातल्या मोबाईलला कुठे खोकं आहे?"

तीसचाळीस माणसांनी आपापला मोबाईल उलटा करून पाहिला.

"मग तो पंखा कसा फिरत होता, खोक्यातला?" पूआ आजीला सोडायचं नव्हतं.

मी प्लग परत लावला. पॉवर सप्लायमधून निघालेल्या वायरींच्या टोकाला, दोन भोकांत वाकवून खुपसलेली, कागदांना लावायची टाचपिन होती. ती वीज बंद करून काढली, पुन्हा वीज दिली. पंखा हलला नाही. "स्वयंपाकघर चालू आहे, आजी, जेवायला कुणी नाही. टाचपिन फक्त चूल पेटवून ठेवत होती."

सेमीसी उठायच्या बेतात होता. जाता जाता म्हणाला, "मी कुणाला औषध बंद करा म्हटलं नाही. पडद्यानं म्हटलं."

माझ्या आयुष्यात मी इतकं गलिच्छ वाक्य ऐकलेलं नाही. इओआने कडेवर होता म्हणून माझा हात अडकलेला होता. एरवी काय केलं असतं माहीत नाही. आबांनी त्याला बोटीपर्यंत पोचवायला चार माणसं दिली. दिलेल्या चटयांतल्या अर्ध्या कधीच परत आल्या नाहीत.

लोक उठले तरी लुसियाताई उठली नाही. मी जवळ जाऊन बसले. मला वाटलं होतं ती मला बोलेल. ती खाली बघत म्हणाली, "तिला धरतं कोण, माहितीय तुला? सुईच्या वेळी. नर्स म्हणते, आई, पाय घट्ट धरा. ती माझ्याकडे बघून ओरडते, आई सोड. दर महिन्याला. मला एक महिना नको होता, मारेता. एकच."

मी इओआनेचा पाय हातात धरून बसले होते. तो मऊ, गुबगुबीत पाय. मला एवढंच सुचलं: "या वेळी मी धरते. तू तिचं डोकं घे."

मंगळवारच्या बसनं आम्ही गेलो. डॉक्टरांनी फेतूच्या छातीला नळी लावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं. आवाज आहे, म्हणाले, पहिल्यापासून होताच. वाढलाय का ते मोठ्या दवाखान्यात तपासू. पण एकही इंजेक्शन चुकवू नका, इतकं खडसावून सांगितलं की लुसियाताईनं बाही डोळ्यांना लावली.

नर्स सुई भरत होती. फेतू म्हणाली, "त्यात काय आहे?"

नर्सनं बाटली तिच्या हातात दिली. नाव वाचून दाखवलं. हे काय करतं ते सांगितलं, आणि काय करू शकत नाही तेही सांगितलं: बिघडलेली झडप हे दुरुस्त करत नाही, नवी बिघडू देत नाही. दुखेल, म्हणाली, खूप. फेतूनं आणखी तीन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर नर्सला येत नव्हतं, ती डॉक्टरांना विचारून आली. मग फेतू पालथी झाली. मी पाय धरले. ती ओरडली, "मामी सोड," आणि मी सोडले नाहीत.

ज्यांच्या घरी आजारी पोर आहे त्यांना मला हात जोडून सांगायचं आहे. दमलेल्या आईबापाला चमत्कार हवासा वाटतो, त्यात पाप नाही. पण कुणी दाखवला तर विचारा, हे कसं होतं, मागून बघू का, उघडून बघू का. आणि ज्याला विचारलेलं चालत नाही, त्याच्या हाती आपलं पोर देऊ नका.